पारण्याची गोष्ट



मोठ्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी शाळेने मला बोलावले, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. ही शाळा माझी आहे. येथे मी मुळाक्षरे गिरवली आणि पुढे सुमारे दीड वर्ष, पगाराशिवाय, येथेच लहान वर्गांना शिकवलेही. ते दीड वर्ष हाच आजचा विषय आहे. नावापुढे पीएच.डी. असलेली मराठीची प्राध्यापिका संतसाहित्यावर बोलणार, अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे. संत थोडे येतील. परंतु वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, जेथे मला सर्वजण ओळखतात त्या गावात, जे मी पन्नास वर्षे सांगितले नाही ते सांगावे असे मी ठरवून आले आहे.

विसाव्या-एकविसाव्या वर्षी मी जेवण सोडले होते. गरिबीमुळे नव्हे, पोटाच्या दुखण्यामुळे नव्हे. समोर वाढलेले ताट असताना मला जेवता येत नव्हते, आणि त्या न येण्याचा मला अभिमान वाटत होता. त्या आजारातून मी बरी झाले, पुन्हा एकदा पडले, पुन्हा बरी झाले.

प्रथम शब्दांकडे वळते. तो माझा जन्माचा धंदा आहे. अन्न न घेण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. उपवास, उपोषण, लंघन, निरंकार, अन्नत्याग, प्रायोपवेशन. न मिळाल्यामुळे घडते ती उपासमार. ‘उपवास’ म्हणजे जवळ राहणे, देवाच्या सान्निध्यात राहणे. त्यात भुकेचा उल्लेखही नाही. परंतु न जेवणारा माणूस आजारी आहे असे सांगणारा, चारचौघांच्या तोंडी असलेला शब्द आपल्याकडे नाही. वैद्यकाच्या परिभाषेत त्याला ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या दोघा वैद्यांनी १८७३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या आजाराची वर्णने मांडली. नाव मात्र फसवे आहे. अनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे. मला भूक होती. झोपेतही होती. तिच्याशी झुंजण्यातच माझा दिवस जात होता. याच कुळातील दुसरा आजार म्हणजे बुलिमिया, ज्यात माणूस एका बैठकीत भान हरपून खातो आणि मग ते शरीराबाहेर काढण्याची धडपड करतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बैलाची भूक’ असा होतो. बैलांना ओळखणाऱ्या आपल्या गावात हा अर्थ कुणाला पटायचा नाही. बैल पोट भरले की थांबतो.

आता गोष्टींकडे वळू. आपल्याकडे न जेवण्याच्या गोष्टी थोर आहेत. वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले. येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सप्टेंबर १९३२ चे उपोषण जगाने पाहिले. या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझे म्हणणे एवढेच की या कथांत पारणे एका वाक्यात उरकते. फळांचा रस घेतला, उपवास सुटला, कथा संपली. श्रावणातल्या कहाण्यांतही बाई व्रत धरते, नेम पाळते, देव प्रसन्न होतो. तिने पहिला घास कसा घेतला, तो गिळताना काय वाटले, हे कुणी सांगत नाही. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मला फार प्रिय आहे. राजाच्या हुकुमाने साऱ्या गावाने, मुलाबाळांच्या तोंडचे काढून, दूध ओतले, तरी महादेवाचा गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरच्या लेकरावासरांना पाजले आणि उरलेले खुलभर घातले, तेव्हा तो भरला. इतकी शहाणी कहाणी! पण वर्गात शिकवताना मी दरवेळी अडायची. म्हातारी स्वतः दूध प्यायली का? कहाणी गप्प आहे.

मी वाढले ती याच कहाण्यांवर. १९७० साली पुढील शिक्षणासाठी अक्कलकोटमार्गे सोलापूरला गेले आणि वसतिगृहात राहू लागले. आमच्या घरातून मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी मी. ‘हे कशाने सुरू झाले?’ असे पुढे मला फार जणांनी विचारले. एक कारण सांगता येत नाही. शहरातल्या मुलींपुढे वाटणारा बुजरेपणा होता, अभ्यासात मागे पडण्याची भीती होती, घरी लग्नाचा विषय निघू लागला होता. आणि सोमवार होता. सोमवारला गुरुवार मिळाला, मग शनिवार, मग चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या. उपवासाच्या दिवशी फराळही नको, आणि उरलेल्या दिवशी ‘आज इच्छा नाही’. सुट्टीत घरी आले की शेजारणी आईला म्हणायच्या, ‘पोरगी शहरात जाऊनसुद्धा किती देवभोळी राहिली हो!’ आई सुखावायची. या आजाराला आपल्या घरांत जितका सुरक्षित आडोसा मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळत असेल. युरोपातही मध्ययुगात हेच घडले. सिएनाची संत कॅथरीन चौदाव्या शतकात अन्न सोडत सोडत तेहतिसाव्या वर्षी गेली. तिला आजारी म्हणावे की संत, याचा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. मी त्या वादात पडत नाही. माझ्यापुरते मला ठाऊक आहे की माझ्या उपवासात देव नव्हता. मोजदाद होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांची पन्नाशी उलटून बराच काळ लोटला आहे त्यांना तो आठवत असेल. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामांवर बायाबापड्या खडी फोडत होत्या, सुकडी वाटली जात होती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोक नाक मुरडत पण खात होते. आमच्याकडेही विहिरी आटल्या. माझी आई घरातली ज्वारी मापून काढायची, आणि मला मुलीची जात शिकून थकलेली म्हणून एक भाकरी जास्त ठेवायची. ती भाकरी मी पदराआड नेऊन गोठ्यात गाईपुढे टाकत असे. हे वाक्य उच्चारायला मला पन्नास वर्षे लागली. लोक अन्नासाठी उन्हात दगड फोडत होते आणि मी अन्न टाकत होते. ही लाज इतकी मोठी होती की तिच्यामुळेही मी गप्प राहिले. ज्याला अन्न मिळत नाही त्याच्या दुःखापुढे, ज्याला अन्न घेता येत नाही त्याने तोंड कसे उघडावे? दलित आत्मकथनांतील भूक मी पुढे वर्षानुवर्षे शिकवली. दर वर्षी तो पाठ आला की माझा आवाज बदलतो, असे विद्यार्थी म्हणत. त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते.

शरीराचे काय झाले ते थोडक्यात सांगते. पाळी थांबली, केस गळू लागले, वैशाखातही थंडी वाजे, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई. वजन किती उतरले हे मी सांगणार नाही, आणि काय काय युक्त्या केल्या तेही नाही. त्याचे कारण पुढे येईल. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली. एका ठिकाणी नेऊन जे उपचार झाले ते आज आठवण्यात अर्थ नाही. त्यांनी मी अधिक भ्याले एवढेच. कॉलेज सुटले.

शेवटी वडिलांनी सोलापुरातल्या एका स्त्री डॉक्टरांकडे नेले. त्यांच्याकडेही या आजाराचे नाव नव्हते, किंवा असले तरी त्यांनी ते सांगितले नाही. पण वडिलांना त्या म्हणाल्या, ‘हा हट्ट नाही, आजार आहे. रागावून बरा होणार नाही.’ वजनकाट्याकडे मला फिरकू दिले नाही. खाणे अगदी थोडे, ठरलेल्या वेळी, आणि कुणीतरी सोबत बसलेले असताना, आठवड्या-आठवड्याने वाढवायचे. त्यामागचे शहाणपण मला फार उशिरा कळले. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फरससारखी द्रव्ये झपाट्याने खाली येतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून आणि बंदिवासातून सुटलेली माणसे अशी दगावली. म्हणून अशा रुग्णाचे पारणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. प्रेमाने जबरदस्ती करणाऱ्या मावश्या-आत्यांना हे मुद्दाम सांगते.

आणि उपवास? ते सोडायला मी तयार नव्हते; देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? तेथे आज्जी पुढे झाली. ती निरक्षर होती, पण आजाऱ्याला व्रताची सूट असते आणि एकाचे व्रत घरातले दुसरे माणूस चालवू शकते, हे तिला पक्के ठाऊक होते. ‘तुझे सोमवार मी धरते, तू जेव’, एवढेच ती म्हणाली. तिने ते शेवटपर्यंत धरले. मी बरी झाले, पदवीधर झाले, नोकरीला लागले, तरी तिचे ते उधारीचे सोमवार चालूच होते. ते परत मागून घेण्याचे मला सुचले नाही.

आता मोठ्या गुरुजींविषयी. १९७३ च्या जूनमध्ये ते आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, ‘पोरगी घरी बसून काय करते? दुसरीच्या वर्गाला मास्तर नाही. पाठवा तिला.’ मी येऊ लागले. मधल्या सुट्टीत गुरुजी आपला डबा उघडत. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कधी झुणका. अर्धी भाकरी मोडून ते माझ्यापुढे कागदावर ठेवत आणि मग आदल्या दिवशीच्या शुद्धलेखनाच्या वह्यांविषयी बोलत. ‘खा’ असे ते कधीही म्हणाले नाहीत. ती भाकरी राहिली तर राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी. सुरुवातीला कित्येक दिवस ती तशीच पडून राही. मग एकदा मी कोपरा मोडला. गुरुजींनी वहीवरून मान वर केली नाही. पाहिले असते तर मी तो खाली ठेवला असता, याची मला खात्री आहे.

त्याच वर्षी मार्गशीर्षातली वेळ अमावास्या आली. आपल्याकडचा हा सण वेगळा सांगायला नको: शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, आणि येईल त्याला आग्रह. त्या आग्रहाच्या भीतीने मी घरीच थांबणार होते. गुरुजींच्या पत्नी, आम्हां सर्वांच्या काकू, मला त्यांच्या शेतावर घेऊन गेल्या. माणसांची पंगत एकीकडे बसली. काकूंनी मला कोपीमागे नेले, एका लोटक्यात आंबील ओतून दिली आणि माझ्याकडे पाठ करून बाजरीचे उंडे मोजत बसल्या. मी ती सगळी प्यायले. रडत प्यायले. चव काही आठवत नाही. पोटात ऊब उतरत गेली ती आठवते, आणि मागोमाग आलेली भीतीही. मी बरी झाले तो दिवस हाच, असे सांगता आले असते तर गोष्ट सुरेख झाली असती. तसे नव्हते. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा भाकरी परत केली. पण एकदा झाले होते, म्हणजे पुन्हा होऊ शकत होते.

माझ्या आजाराला नाव आहे हे मला कळले १९८३ साली. कॅरन कार्पेंटर नावाची अमेरिकन गायिका त्या वर्षी फेब्रुवारीत, बत्तिसाव्या वर्षी, या आजाराने गेली. कॉलेजच्या ग्रंथालयात ती बातमी वाचून मी उभी होते ती खाली बसले. तिचे एकही गाणे मी ऐकलेले नव्हते. मग मिळेल ते वाचू लागले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगाची हकीकत वाचली. युद्धावर जायला तत्त्वासाठी नकार दिलेले छत्तीस निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचत, ताटल्या चाटत, एकटे राहत, चिडत. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना. मला माझी वसतिगृहातली वही आठवली. तिच्यात अभ्यासाऐवजी पक्वान्नांच्या कृती उतरवलेल्या होत्या! तो माझ्या स्वभावाचा विक्षिप्तपणा मी समजत होते. तो उपासमारीचा परिणाम होता.

हे वाचन उपयोगी पडले. १९८६ साली आई गेली. तेराव्यापर्यंत घरात कुणालाच जेवण जात नव्हते. पुढे सर्वांना जाऊ लागले, मला जाईना. जुना अभिमान हळूच परत आला. या वेळी मी त्याला ओळखले आणि स्वतः डॉक्टरांकडे गेले. सावरायला वर्षभर लागले. प्रबंध तेवढा लांबला. मार्गदर्शकांना मी घरगुती अडचण असे कारण दिले.

आणि येथे मला एक कबुली द्यायची आहे. १९८९ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या महिन्यातच मी तिला ओळखले. उन्हाळ्यात अंगभर ओढलेली शाल, मैत्रिणींना आग्रहाने खाऊ घालून स्वतः कोरडे राहणे, दर दिवशी नवा उपवास. मला बोलावून बसवता आले असते. मी तेव्हा नुकतीच डॉक्टरेट मिळालेली, विभागात एकटी स्त्री होते. ‘बाईंना मानसिक आजार होता’ हे सहकाऱ्यांच्या खोलीत फिरेल, या भयाने मी गप्प राहिले. दुसऱ्या सत्रात ती आली नाही. तिचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही, कारण मी विचारले नाही. आज मी येथे उभी आहे ती तिच्यामुळे.

१९९७ साली दुसरी एक विद्यार्थिनी तशीच दिसली तेव्हा मी तिला घरी बोलावले. तोवर इंग्लंडच्या राजघराण्यातील डायनाने १९९५ साली दूरचित्रवाणीवर आपल्या बुलिमियाविषयी उघड सांगितले होते. वर्तमानपत्रांतून ते आपल्याकडेही आले होते. पण माझ्यासमोरची मुलगी म्हणाली, ‘बाई, ते राण्यांचे आजार. आमच्यात असे नसते.’ मग मी तिला गाईची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘आमच्याकडे कुत्रा आहे.’ तेथून आम्ही डॉक्टरांकडे जाण्यापर्यंत पोचलो. आज ती दोन मुलांची आई आहे आणि या व्याख्यानाची कल्पना तिला आहे.

तिला सांगताना मी अडखळत शिकले की अशी गोष्ट कशी सांगू नये. मी पहिल्या भेटीत माझ्या वजनाचा आकडा सांगून बसले. तिच्या डोळ्यांत चमक आली. ‘माझे अजून तितके उतरलेले नाही’, ती म्हणाली. आजारी मनाला आकडा हे आव्हान वाटते आणि युक्ती हा धडा. म्हणून आकडे नाहीत, युक्त्या नाहीत, हाडांची वर्णने नाहीत. सांगायचे ते परतीचे: पहिला घास, त्यानंतरची भीती, पुन्हा घसरणे, कोण जवळ बसले, कोणते वाक्य लागले आणि कोणते उपयोगी पडले.

याला आपल्या भाषेत आधार आहे. सतराव्या शतकातील शिऊरच्या बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग पाहा. कोल्हापुरात असताना नवऱ्याची मारहाण, लाडक्या वासराने चारापाणी सोडून प्राण सोडणे, आणि त्या दुःखाने बहिणाबाईंचे कित्येक दिवस निश्चेष्ट पडून राहणे, मग स्वप्नातल्या तुकोबांनी अमृत पाजणे आणि त्यांचे सावध होणे. हे सारे त्या स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्यांना मी माझ्या आजाराचे नाव देणार नाही. पण बरे होण्याची सुरुवात काहीतरी पाजले जाण्याने होते, हे मी त्यांच्याकडे वाचले तेव्हा मला काकूंचे लोटके दिसले. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचे वेड सांगितले आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या पायी घरादाराला काय सोसावे लागे! त्यांनी ते हसत सांगितले, वडिलांवर सूड न उगवता सांगितले. तो सूर मला आज साधलेला नाही, हे मी जाणते.

अनुभव सांगून एकमेकांना सावरण्याची पद्धत व्यसनमुक्तीत रुळली आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६ पासून माणसे सर्वांसमोर उभी राहून आपले पिणे आणि सुटणे सांगत आली आहेत. आमचे अवघड इतकेच की दारू सोडणारा गुत्त्याचा रस्ता टाळू शकतो. आम्हांला रोज दोन वेळा त्याच ताटापुढे जावे लागते.

शिक्षकांना एक विनंती. आता आपल्या शाळेत ‘अक्षर दासोह’चे दुपारचे जेवण असते. कोण रोज आपला भात शेजारच्याला देते, कोण जेवणाच्या वेळी ग्रंथालयात सापडते, इकडे लक्ष असू द्या. मुलांकडेही, कारण हा फक्त मुलींचा आजार नाही. वर्गात बोलू नका, बाजूला घ्या. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे तर कुणालाही म्हणू नका. मानसिक आजारांत ज्यांनी जीव जाण्याचा धोका सर्वांत मोठा, त्यांत अनोरेक्सियाची गणना होते. म्हणून डॉक्टरांकडे नेण्यात दिवस घालवू नका. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीत आणि कन्नडमध्येही.

व्याख्यानानंतर कुणाला एकांतात बोलायचे असेल तर मी उद्या दुपारपर्यंत भावाच्या घरी आहे. आता बाहेर पटांगणात पंगत मांडली जाते आहे, पत्रावळींचा आवाज येतो आहे. मुख्याध्यापिका बाईंनी मला व्यासपीठावरच्या मंडळींसोबत आत बसवायचे ठरवले आहे. त्यांची क्षमा मागून मी बाहेर मुलांच्या पंक्तीत बसते. वाढणाऱ्यांना एवढेच सांगा की मला आग्रह करू नका. लागेल ते मी मागून घेईन.